न घेतलेला विमा

५ ऑगस्ट

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझ्या नावाने कर कार्यालयाची नोटीस आली आहे, म्हणून हे पत्र. फोन करणार नाही. फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणतोस, मागे कुठलं तरी शिलाई मशीन खडखडत असतं आणि दुसऱ्या दिवशी तुला त्यातलं निम्मंही आठवत नाही. या वेळी मला लेखी उत्तर हवं आहे.

प्रकरण असं. तू बारा वर्षं आरोग्यविम्याचा हप्ता भरतोस आणि मी तो तुझ्या विवरणपत्रात उत्पन्नातून वजा करते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला इथल्या कायद्यात ही सवलत आहे, कारण त्याला विमा काढून देणारा कोणी मालक नसतो. सवलतीला दोन अटी आहेत. वजावट धंद्याच्या नफ्यापेक्षा जास्त असता कामा नये, ही पहिली. गेल्या वर्षी तुझा नफा बराच घसरला, तरी त्या अटीत तू कसाबसा बसतोस. का घसरला, ते वेगळं कळव. दुसरी अट अशी की ज्या महिन्यांत तुला किंवा तुझ्या बायकोला नोकरीतून कुटुंबासाठी विमा मिळू शकत होता, त्या महिन्यांची वजावट नाही.

दरवर्षी मी तुला प्रश्नावली पाठवते. त्यात हा प्रश्न सरळ शब्दांत विचारलेला असतो. तू 'नाही' लिहिलंस. नोटीस म्हणते की सूनबाई ज्या शाळेच्या वाचनालयात काम करते, त्या शाळेने तिला गेल्या वर्षी फेब्रुवारीत कायम केलं आणि तेव्हापासून कुटुंबाचा विमा देऊ केला. म्हणजे फेब्रुवारी ते डिसेंबर, अकरा महिन्यांची वजावट चुकीची. तुझ्या विवरणपत्राखाली माझीही सही आहे. माझ्या सहीखाली आजवर खोटं विधान गेलेलं नाही आणि ही सुरुवात भाच्यापासून व्हावी अशी माझी इच्छा नाही.

२० सप्टेंबरच्या आत उत्तर द्यायचं आहे. खरं काय ते लिही.

तुझी मावशी


११ ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी उभाच राहिलो, जणू वर्गात नाव पुकारलंय. बायको म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, "कोणी नाही, मावशीचं पत्र आहे." म्हणाली, "मग बसा तरी."

मावशी, यात काहीतरी घोटाळा आहे, आणि तो आमच्याकडचा नाही. हिची शाळा म्हणजे खडूसुद्धा मोजून देणारी जात. ती विमा कुठून देणार? कायम झाल्यावर हिला काय मिळालं, तर कपाटाची किल्ली आणि एक खुर्ची. तीही डगमगती होती, मीच पाय ठोकून दिला. कोणीतरी हिच्या नावापुढे चुकून खूण केली असणार. मी शाळेत जाऊन त्या कारकुनाला सरळ करतो, मग तू नोटिशीला झणझणीत उत्तर लिही.

नफ्याचं म्हणशील तर मंदी आहे. कपडे शिवणारे कारखाने मशीन दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेतात. होईल ठीक.

तुझा खटपट्या


१४ ऑगस्ट

चि. खटपट्यास,

शाळेत जाऊ नकोस. तिथे तू नवरा म्हणून जाशील आणि भांडण तिच्या टेबलावर ठेवून येशील. रोज त्याच खोलीत तिला बसायचं आहे. आधी घरात विचार. जेवताना नको, आणि ओरडून तर नकोच.

आणि एक नीट समजून घे. तिने विमा घेतला का, हे कर कार्यालय विचारत नाही. घेऊ शकत होती का, एवढंच विचारतं. घेतला नाही म्हणजे मिळालाच नव्हता, असं कायदा मानत नाही.

मावशी


१९ ऑगस्ट

ती. मावशीस,

तू नको म्हणालीस तरी मी शाळेत गेलो. तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच गेलो होतो, असं लिहून सुटता आलं असतं, पण तुझ्यापुढे तारखांचं खोटं टिकत नाही. पत्र वाचलं आणि मग गेलो.

कारकून चांगला माणूस निघाला, हेच वाईट झालं. मी आवाज चढवला, त्याने चढवला नाही. शांतपणे कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. 'मला व माझ्या कुटुंबाला शाळेचा विमा नको.' खाली हिची सही. मावशी, हिची सही मी ओळखतो, लग्नाच्या नोंदणीत शेजारी शेजारी केली होती आम्ही. कारकून म्हणाला, "मीही त्यांना म्हटलं होतं, बाई, फुकटात मिळतंय, का नाकारता? तर म्हणाल्या, आमचा आहे." तेवढ्यात ही वाचनालयाच्या दारात आली. मला बघितलं, कागद बघितला आणि परत आत गेली. सगळी शाळा बघत होती, असं मला वाटलं.

घरी विचारलं. म्हणाली, "तुमचा विमा आहे ना चांगला." एवढंच. चार दिवस झाले, घरात फक्त भांडी बोलतायत.

आता तूच सांग, कोण बाई नवऱ्यासाठी फुकटचा विमा नाकारते? मला एकच उत्तर सुचतं. जिला पुढेमागे हिशेब वेगळे करायचे असतील ती. परवा ती बहिणीकडे राहायला जाते म्हणाली, दोन दिवसांसाठी. पिशवी मोठी घेतली.

असो. मी ठरवलंय. माझ्या जुन्या विम्याची मुदत १५ सप्टेंबरला संपते. पुढचा हप्ता भरणार नाही. सवलत गेली म्हणजे तो पूर्ण अंगावर आला, आणि फुकटचा शेजारी पडलाय. शाळेत पुन्हा नाव घालायची मुदत सप्टेंबरअखेर आहे. हिला म्हणालो, दोघांची नावं घाल. म्हणाली, "मी नाही घालणार." मग काय समजायचं मी?

खटपट्या


२१ ऑगस्ट

ती. मावशींना सा. नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आपलं फोनवर जेमतेम पाच वाक्यांचं बोलणं. पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. बहिणीकडे आले आहे, इथे टेबल मोकळं मिळतं.

ह्यांना वाटतंय मी घर सोडायच्या तयारीत आहे. तसं काही नाही. बहिणीच्या मुलीचे स्वेटर परत द्यायचे होते, म्हणून पिशवी मोठी.

शाळेचा विमा मी नाकारला, त्याचं कारण त्यांच्या कामात आहे. तुम्हाला माहीत असेल, मशीन दुरुस्त झालं की ते एका चिंधीवर सरळ शिवण घालून बघतात. अशा दोन पट्ट्या करतात. एक बिलाला टाचून गिऱ्हाइकाला देतात, दुसरी तारीख घालून डब्यात ठेवतात, म्हणजे नंतर कोणी 'मशीन बिघडलेलंच दिलं' म्हणू नये. त्या डब्यातल्या जुन्या पट्ट्या मी वाचनालयात पुस्तकांच्या खुणेला नेते. मुलांना आवडतात. मागच्या वर्षी जानेवारीत अशाच काही नेल्या आणि एका मुलीने विचारलं, "बाई, ही पट्टी लहान मुलाने शिवली का?"

शिवण नदीसारखी गेली होती. मी घरी येऊन डबा उपसला. आधीच्या वर्षीच्या पट्ट्या पट्टीने आखल्यासारख्या. मग हळूहळू वाकत गेलेल्या. त्यानंतर मी त्यांच्याकडे बघायला लागले. सुईत दोरा ओवताना ते पाठ फिरवतात. उजवा हात खिशात ठेवतात. कप दोन हातांनी धरतात आणि म्हणतात, "थंडी काय आहे!" बाहेर ऊन असतं.

मी विचारलं नाही. त्यांचा हात म्हणजे त्यांची पत आहे, मावशी. तिथे बोट ठेवायचं धाडस मला झालं नाही.

फेब्रुवारीत शाळेने विम्याचा अर्ज दिला. त्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची डॉक्टरी तपासणी होती, आणि आधीपासून काही आजार असेल तर तो लिहायचा होता. लिहिलेल्या आजाराचा खर्च सुरुवातीची काही वर्षं मिळणार नव्हता. मला वाटलं, यांचा जुना विमा आहे, तो हात धडधाकट असताना काढलेला. तो पुरे. इथे अर्ज केला की त्यांना तपासणीला न्यावं लागेल, मला त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल, आणि ते वाचतील. म्हणून नको लिहिलं. नको म्हटलं की विषय संपला, असंच मला वाटत होतं. कराशी त्याचा संबंध असेल, हे स्वप्नातही आलं नाही.

आता ते जुना विमा सोडायला निघालेत, आणि मी का अडवते ते सांगता येत नाही. तुम्ही तो हप्ता भरायला लावा. पण माझ्याकडून कळलं, असं कळू देऊ नका. त्यांना कळलं की मला दिसतंय, तर ते माझ्यासमोर बसून चहासुद्धा पिणार नाहीत.

तुमची,
सून


२५ ऑगस्ट

सौ. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुझा हेतू मला समजला. पण दीड वर्ष त्याचा हात बिघडतोय, तू बघते आहेस आणि डॉक्टर या शब्दापर्यंत घरात कोणी आलेलं नाही. याला सांभाळून घेणं म्हणत नाहीत, सूनबाई. तू त्याची पत सांभाळलीस, आणि हात?

जुन्या विम्याबद्दल मात्र तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. बारा वर्षं चालू असलेली पॉलिसी नवा आजार झाला म्हणून त्याला नाकारू शकत नाही. १५ तारीख चुकली तर ती संपली. मग तो कोणत्याही दारात गेला तरी नवा माणूस, आजार घेऊन आलेला. एवढी एक गोष्ट वाचवायची आहे. बाकी कर, दंड, माझी सही, सगळं दुय्यम.

मी दोघांचीही कामं करते. एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगत नाही. तुझं पत्र माझ्याकडे राहील. पण तूच त्याला सांगावंस असं मी तुला बजावून सांगते आहे. मला परवानगी दिलीस तर मी सांगेन. उलट टपाली कळव.

मावशी


२७ ऑगस्ट

ती. मावशींना,

नाही. कृपा करून नको.

काल घरी आले, दोन दिवसांचे आठ दिवस झाले. ते दारातच म्हणाले, "आलीस? मला वाटलं पत्ता बदलला." मी हसले नाही म्हणून आणखी चिडले. त्यांनी शाळेचा अर्ज स्वतः आणलाय, दोघांची नावं घालून. आजाराच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलंय. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सही कर, नाहीतर का नाही ते सांग."

मी केली नाही. सांगितलंही नाही.

सून


२८ ऑगस्ट

चि. खटपट्यास,

तू मला जे विचारलंस त्याची उत्तरं आधी देते. नोटिशीवर आपण भांडणार नाही. शाळेने विमा देऊ केला होता, म्हणजे अकरा महिन्यांची वजावट परत करायची, व्याजासह. सुधारित विवरणपत्र भरू. 'माहीत नव्हतं' असं खरं कारण लिहू, म्हणजे दंड बहुधा लागणार नाही. ती त्या नोकरीत आहे तोवर पुढेही ही सवलत तुला नाही. तुझ्या बायकोला हा नियम माहीत नव्हता. मी तिला कधी सांगितला नाही, तूही नाहीस. तेव्हा तिच्या पिशवीच्या आकारावरून अनुमानं काढणं थांबव. लहानपणीही तू असाच होतास. आई बाजारात गेली की ही आता परत येत नाही म्हणून दाराशी बसायचास.

जुना विमा सोडायचा नाही. सवलत मिळो न मिळो. बारा वर्षांची पॉलिसी कोणी रागाच्या भरात टाकून देत नाही.

आणि एक काम. गेल्या दोन महिन्यांतल्या तुझ्या चाचणीच्या पट्ट्या मला टपालाने पाठव. डब्यात असतील तशा. कशाला, हे मी सांगणार नाही. मागितल्या आहेत, पाठव.

मावशी


२ सप्टेंबर

ती. मावशीस,

पट्ट्या पाठवल्या आहेत. कर कार्यालय आता चिंध्याही तपासायला लागलं का? बघून घे, एकही टाका सुटलेला नाही. तुझ्या खिडकीचे पडदे मी आठवीत असताना शिवले होते, त्यापेक्षा बऱ्याच बऱ्या आहेत.

विम्याबद्दल मात्र माझं ठरलंय. तुझा मान राखून सांगतो. हप्ता पूर्ण खिशातून भरायचा, आणि शाळेचा फुकटचा सोडायचा, हा शहाणपणा मला पटत नाही. हिला अजून पटत नाहीये, पण महिनाअखेरीपर्यंत पटेल. नाही पटलं तर माझं उत्तर मला मिळालं.

खटपट्या


५ सप्टेंबर

खटपट्या,

या पट्ट्या तू शिवलेल्या नाहीत.

सहा वर्षांपूर्वी तू माझं मशीन दुरुस्त केलंस तेव्हा बिलाला टाचलेली पट्टी माझ्याकडे आहे. मी कागद टाकत नाही, तशी तीही टाकली नाही. शिवणीच्या शेवटी तू दोनदा उलटा टाका घेतोस आणि दोरा दाताने तोडतोस. त्या दाताने तोडण्यावरून माझ्या बहिणीने, तुझ्या आईने, मरेपर्यंत तुला बोलणी घातली, तरी तू सोडलं नाहीस. तू पाठवलेल्या पट्ट्यांवर उलटा टाका एकदाच आहे. दोरा कात्रीने कापलेला आहे. आणि सगळ्या एकाच माणसाच्याही नाहीत, तीन निरनिराळ्या हातांच्या आहेत.

तुझा नफा का घसरला, हे मी ऑगस्टमध्ये विचारलं होतं. तू मंदी म्हणालास. आता दुसऱ्यांदा विचारते. या वेळी मला विनोद नको आहेत.

मावशी


९ सप्टेंबर

ती. मावशीस,

तीन दिवस हे पत्र सुरू करतोय.

त्या पट्ट्या कारखान्यातल्या बायकांनी शिवल्यात. मशीन जोडून झालं की मी बाजूला होतो आणि म्हणतो, "तुम्हीच चालवून बघा, मशीन तुमचं आहे." सगळ्यांना वाटतं मी फार सभ्य झालोय. एकीने तर सांगितलं, आधीचे मिस्त्री हात लावू देत नसत, तुम्ही किती समजूतदार! मशीनचं पोट अजून मला येतं मावशी, स्क्रू, पट्टा, मोटर, सगळं. तिथे जोर लावला की हात थांबतो. पण नुसता टेकवून ठेवायचा म्हटला की थरथरतो. दोन कारखान्यांनी बोलवायचं बंद केलं. एका मालकाने मला सुईत दोरा ओवताना बघितलं. दिवा जवळ आणून दिला. त्यापेक्षा हाकलला असता तर बरं.

मे महिन्यात गाडी घेऊन दूरच्या एका गावी गेलो, तिथल्या डॉक्टरला दाखवलं. रोख पैसे दिले. विम्यात घातलं नाही, कारण घातलं असतं तर विम्याचं पत्र घरी आलं असतं आणि टपाल ही उघडते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढणारं दुखणं आहे, जात नाही, पण औषध वेळेवर सुरू केलं तर बरीच वर्षं काम करता येतं. मोठ्या तपासण्या लिहून दिल्या. त्या मी केल्या नाहीत. चिठ्ठी गाडीत आसनाखाली आहे.

आता विम्याचं ऐक, मग शिव्या दे. आज ना उद्या माझं काम बंद पडणार. काम नाही तर हप्ता कुठून भरणार? हिच्या शाळेचा विमा मात्र हिच्या नोकरीबरोबर चालू राहील. मी आत्ताच गुपचूप त्यात शिरलो, कोणाला काही कळायच्या आत, तर निदान माझा भार हिच्या पगारावर पडणार नाही. म्हणून 'काही नाही' लिहिलं. तपासणीच्या दिवशी हात खिशात ठेवून वेळ मारून नेईन, असा बेत होता. किती मूर्ख दिसतो तो, लिहिल्यावर!

पण ही सही करत नाही. मला आता खरंच वाटायला लागलंय की हिला माझ्याबरोबर एका कागदावर यायचं नाही. आणि त्यात मी हिला दोष कसा देऊ?

हिला यातलं काही सांगू नकोस. तुला माझ्या आईची शपथ.

खटपट्या


१० सप्टेंबर

चि. खटपट्यास आणि सौ. सूनबाईस,

हाच मजकूर दोन पाकिटांत पाठवते आहे. एक घरी, एक शाळेत. दोघांना शब्द न शब्द तोच.

१३ तारखेला सकाळी माझ्या कचेरीत यायचं. दोघांनी मिळून. एकजण आला तर मी दार उघडणार नाही, मग तो किंवा ती कितीही लांबून आलेली असो. गाडीने एकत्र या. रस्ता मोठा आहे, तेवढा वेळ पुरेल अशी आशा आहे.

तुमच्यापैकी प्रत्येकाने मला काहीतरी सांगितलं आहे आणि दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून बजावलं आहे. मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. शपथा घालायची गरज नव्हती, हे माझं रोजचं काम आहे. पण एक गोष्ट मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. तुम्ही दोघं एकमेकांवर जो संशय घेताय, त्याला काहीही आधार नाही. माझ्यासमोर दोन्ही बाजूंचे कागद आहेत.

विम्याबद्दल, पुन्हा गैरसमज नको म्हणून. आजार लपवून घेतलेला विमा गरजेच्या दिवशी पैसे देत नाही. उलट भरलेलं बुडतं, आणि ज्याच्या नोकरीतून घेतला त्याची नोकरीही अडचणीत येते. जुनी पॉलिसी धडधाकट माणसाने घेतलेली आहे. तिला पुढे झालेल्या कोणत्याही आजाराचा खर्च द्यावाच लागतो. ती १५ तारखेला मरते. तिला जगवायचं असेल तर १३ तारखेला पैसे भरायचे आहेत, आणि ते कोण भरणार हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे. मी नाही.

शाळेचा कोरा अर्ज आणा. भरलेला असेल तो घरीच फाडा.

मावशी


१३ सप्टेंबर

नोंद. माझ्या नस्तीसाठी, आणि प्रत दोघांना.

दोघं एकत्र आली. रस्त्यात बोलणं झालेलं नव्हतं, हे दारातच कळलं. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, पाणी आणि दोन कप ठेवले आणि दार लावून बाहेर आले. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. आधी त्याचा आवाज चढला. मग ती म्हणाली, "जानेवारीपासून!" एवढं एक दाराबाहेर आलं, कारण ते ओरडून म्हटलेलं होतं. त्यानंतर एकदा हसण्याचा आवाज. कोणाचा ते सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर दोघांचे डोळे लाल होते. पाणी संपलेलं होतं. कप मात्र एकच वापरलेला होता.

त्यानंतर पुढील कागद हातोहात झाले.

सुधारित विवरणपत्र. अकरा महिन्यांची वजावट रद्द, कारण लिहिलेलं. पत्नीने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली : 'विमा देऊ केला होता हे पतीला मी सांगितले नव्हते.' मी ती ओळ गरजेची नाही म्हणाले. ती म्हणाली, राहू द्या, खरी आहे. दोघांच्या सह्या. मला दिलं. कर कार्यालयात मी सोमवारी स्वतः नेऊन देईन.

शाळेचा अर्ज, फक्त पत्नीच्या नावाचा. पतीचं नाव नाही. आजाराच्या रकान्यात तिच्यापुरतं खरं उत्तर. तिने परत घेतला, शाळेत देण्यासाठी.

जुन्या पॉलिसीचा पुढच्या वर्षाचा हप्ता. माझ्या कचेरीतून, माझ्यासमोर भरला. पत्नीने स्वतःच्या पगाराच्या खात्यातून. भरण्याआधी मी दोघांना स्पष्ट सांगितलं की आता ही सवलत तशीही मिळणार नाही, आणि हप्ता तिच्या खात्यातून गेल्यावर त्याला तो धंद्यात कुठेच दाखवता येणार नाही. पती म्हणाला, "म्हणजे हे पैसे कुठेच वजा होणार नाहीत?" मी म्हटलं, कुठेच नाहीत. पत्नी म्हणाली, "नको व्हायला." पावतीची मूळ प्रत तिला दिली, नक्कल त्याला.

डॉक्टरची चिठ्ठी, मे महिन्याची, घडी पडलेली. पतीने गाडीतून आणून पत्नीच्या हातात दिली. ती माझ्या ताब्यात कधी नव्हती, नोंद केवळ माझ्या डोळ्यांसमोर दिली म्हणून. तपासण्यांची वेळ पत्नीने माझ्या फोनवरून घेतली, गुरुवार सकाळ. खर्च पॉलिसीतून.

दोघांनी मला स्वतंत्रपणे लिहिलेली पत्रं. ज्याची त्याला बंद पाकिटात परत दिली. पुढे त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्याकडे नक्कल ठेवलेली नाही.

वरील सर्व मिळाल्याची पोच दोघांनी खाली दिली आहे. पतीची सही हललेली आहे आणि आधीच्या वर्षांच्या सहीशी जुळत नाही. मी दुसरी मागितली नाही. हीच यापुढे त्याची सही म्हणून नस्तीत धरली आहे.